आबे फारिया आणि संमोहनाचे सत्य

भोपाळ येथील मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांच्या एका प्रार्थनासभेनंतर एका धर्मशिक्षकाने आम्हांस बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्याच्या ओळखीच्या घरातील एक तरुण मेळ्यात संमोहनाचा खेळ पाहावयास गेला होता. खेळ करणाऱ्याने त्याला मंचावर बोलावून, ‘तुझा हात आता लाकडाचा झाला आहे, तो तुला वाकविता येणार नाही,’ असे सांगितले, आणि खरोखरच त्याला तो वाकविता आला नाही. घरी परतल्यावर वादास तोंड फुटले. वडील म्हणाले, पोराने लोकांपुढे नाटक केले. आजी म्हणाली, त्याला बाधा झाली आहे. मुलगा बिचारा शपथेवर सांगत होता की त्याने नाटक केले नाही आणि त्याला काही झालेलेही नाही. “यांतले खरे कोणाचे मानावे?” असा धर्मशिक्षकाचा प्रश्न होता.

असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांस केव्हा ना केव्हा विचारला गेला असेल. त्याला सहसा दोनच उत्तरे दिली जातात : हे ढोंग आहे, किंवा ही सैतानाची करणी आहे. या दोहोंहून निराळे उत्तर देणारा पहिला मनुष्य एक धर्मगुरू होता, आणि तो आपल्या शेजारच्या गोव्याचा होता, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच स्मरणात असते. त्या धर्मगुरूचे नाव जुझे कुस्तोदियु द फारिया. इतिहासात ते ‘आबे फारिया’ या नावाने ओळखले जातात. ‘आबे’ ही धर्मगुरूला संबोधण्याची फ्रेंच रीत होय. त्यांचे चरित्र व विचार यांच्या आधारे सदर प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

मेस्मरचे अदृश्य द्रव्य

फारियांचे कार्य समजण्यासाठी त्यांच्या आधीची परिस्थिती पाहणे अवश्य आहे. व्हिएन्ना येथे वैद्यकी करणारा फ्रान्त्स आन्तोन मेस्मर (१७३४–१८१५) याने असे प्रतिपादन केले होते की, सर्व विश्व एका सूक्ष्म प्रवाही द्रव्याने व्यापलेले असून मनुष्यदेहात त्याचा प्रवाह अडला म्हणजे रोग उद्भवतात. हे द्रव्य आपण आपल्या हातांनी रोग्याच्या शरीरात सोडू शकतो, असा त्याचा दावा होता. या शक्तीला त्याने ‘प्राणिज चुंबकत्व’ असे नाव दिले. १७७८ साली तो पॅरिसला आला आणि अल्पावधीतच त्याच्या दारी रोग्यांची रीघ लागली. पाण्याने भरलेल्या एका मोठ्या पिंपाभोवती रोगी बसत, त्यातून बाहेर आलेले लोखंडी दांडे दुखऱ्या अवयवांना लावीत, आणि काही वेळाने कोणी रडू लागे, कोणी हसू लागे, तर कोणाला आचके येत. त्यानंतर आपणांस बरे वाटते असे पुष्कळजण सांगत.

या प्रकाराची चौकशी करण्यासाठी राजा सोळावा लुई याने १७८४ साली एक समिती नेमली. तीत रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए, खगोलवेत्ता बायी, वैद्य गियोतँ आणि अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन हे होते. समितीने योजलेली परीक्षा साधी पण मार्मिक होती. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत मेस्मरचा शिष्य देलाँ याने एका झाडात आपली चुंबकशक्ती भरली. मग एका बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला एकामागून एक झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडापाशी तो मूर्च्छित होऊन पडला. परंतु शक्ती भरलेले झाड निराळेच होते व ते तेथून दूर होते! समितीने निष्कर्ष काढला की असे कोणतेही द्रव्य अस्तित्वात नाही. जे घडते ते कल्पनाशक्तीमुळे घडते.

हा निष्कर्ष योग्यच होता. तथापि समिती तेथेच थांबली. ‘ही केवळ कल्पना’ असे म्हणून बहुतेक विद्वानांनी हा विषय मिटला असे मानले. तो मुलगा मात्र खरोखरच पडला होता. द्रव्य खोटे असले तरी मूर्च्छा खोटी नव्हती. केवळ कल्पनेने धडधाकट मुलगा मूर्च्छित होऊ शकत असेल, तर त्या कल्पनाशक्तीचाच अभ्यास करावयास नको काय? हा प्रश्न ज्याने गंभीरपणे हाती घेतला तोच आपला गोमंतकीय धर्मगुरू.

कांदोळीहून पॅरिसला

फारियांचा जन्म १७५६ च्या मे महिन्यात बारदेशातील कांदोळी या गावी, आईच्या माहेरी झाला. वडील कायतान व्हितोरिनु हे कोलवाळचे. ते तरुणपणी धर्मगुरू होण्याचा अभ्यास करीत होते, तो सोडून त्यांनी विवाह केला होता. पुढे पतिपत्नींचे पटेनासे झाले, तेव्हा धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दोघे विभक्त झाली. वडिलांनी गुरुदीक्षा घेतली आणि आईने जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात प्रवेश केला. १७७१ साली वडील मुलाला घेऊन लिस्बनला गेले व तेथून पुढे रोमला. रोममध्ये तरुण फारियांनी धर्मप्रसार परिषदेच्या विद्यालयात शिक्षण घेतले, आणि १७८० साली तेथेच त्यांची गुरुदीक्षा झाली.

त्यांच्या लिस्बनमधील दिवसांविषयी गोव्यात एक आख्यायिका आजही सांगितली जाते. राणीच्या उपस्थितीत प्रवचन करावयास ते उभे राहिले आणि समोरची दरबारी मंडळी पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा प्रवचनपीठाजवळ बसलेल्या वडिलांनी हलक्या आवाजात कोंकणीत म्हटले, ही सगळी भाजी आहे, काप ही भाजी. ते शब्द कानी पडताच मुलाची भीती नाहीशी झाली व प्रवचन उत्तम झाले. एका वाक्याने आपल्या मनात एवढा पालट कसा घडला, याचा विचार फारिया पुढे आयुष्यभर करीत राहिले असे म्हणतात. आख्यायिका ही आख्यायिकाच होय, आणि तिला पुराव्याचे मोल देता येणार नाही. परंतु प्रवचनपीठावर उभे राहिलेल्या कोणालाही तिच्यातील अनुभव परका वाटणार नाही.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा एक कट उघडकीस आला. ‘पिंटोंचे बंड’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. वरिष्ठ धर्मपदे देशी धर्मगुरूंना नाकारली जात, हे त्यामागील असंतोषाचे एक प्रमुख कारण होते आणि कटात काही धर्मगुरू अग्रभागी होते. १७८८ मध्ये पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. लिस्बनमधील फारिया पितापुत्रांवरही संशय आला, आणि त्याच वर्षी पुत्राने पॅरिस गाठले. तेथे राज्यक्रांतीचा वणवा त्यांनी जवळून पाहिला. १७९५ च्या उठावात त्यांनी भागही घेतला. पुढे प्युइसेगुर या सरदाराशी त्यांचा परिचय झाला. मेस्मरच्या या शिष्याला १७८४ सालीच असे आढळले होते की, आचके वगैरे काही न येता रोगी शांत निद्रेसारख्या अवस्थेत जाऊ शकतो, त्या अवस्थेत बोलतो, उत्तरे देतो, आणि जागा झाल्यावर त्याला त्यातले काही आठवत नाही. फारियांनी या निद्रेचा अभ्यास आरंभिला. १८११ मध्ये ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले, त्यानंतर काही काळ नीम येथे होते, आणि १८१३ मध्ये पॅरिसला परतून त्यांनी क्लिशी मार्गावर आपली जाहीर व्याख्याने व प्रयोग सुरू केले.

‘झोपा!’

फारियांच्या प्रयोगात पिंप नव्हते, लोखंडी दांडे नव्हते, हातवारेही नव्हते. ते व्यक्तीला खुर्चीत बसवीत, डोळे मिटून निद्रेचाच विचार करावयास सांगत, आणि थोडा वेळ शांततेत गेल्यावर खणखणीत आवाजात एकच शब्द उच्चारीत : “झोपा!” कित्येकजण तत्काळ त्या अवस्थेत जात. ज्यांना ते साधत नसे त्यांच्या बाबतीत ते आज्ञेचा पुनरुच्चार करीत, किंवा कपाळ वगैरे ठिकाणी हलका स्पर्श करीत. त्यातूनही निष्पन्न न झाल्यास त्या व्यक्तीची प्रकृती या निद्रेला अनुकूल नाही असे स्पष्ट सांगून तिला परत पाठवीत. या अवस्थेत साधे पाणी दिले तरी प्रयोगकर्त्याने सांगितलेल्या पेयाची चव त्या व्यक्तीला लागत असे. या अवस्थेला त्यांनी ‘प्रबुद्ध निद्रा’ या अर्थाचे नाव दिले.

महत्त्वाचा आहे तो त्यांनी लावलेला अर्थ. प्रयोगकर्त्याच्या देहातून काहीही बाहेर पडत नाही. त्याच्या इच्छाशक्तीचाही काही प्रभाव नसतो. निद्रेचे कारण निद्रिताच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेत, विश्वासात व अपेक्षेत असते, असे त्यांनी निक्षून सांगितले. प्रयोगकर्ता केवळ प्रसंग घडवून आणतो. मेस्मरपंथी म्हणत होते, शक्ती आमच्या हातात आहे. समिती म्हणत होती, शक्ती कोठेच नाही. फारिया म्हणाले, ती ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच ठायी आहे. या एका वाक्याने गारुड्याची गादी रिकामी झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

याचा अर्थ त्यांचे सर्व विचार निर्दोष होते असा नव्हे. ज्यांचे रक्त पातळ असते त्यांनाच ही निद्रा लवकर लागते, हे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले. या निद्रेत आत्मा इंद्रियांच्या बंधनातून सुटून दूरच्या वा गुप्त गोष्टी जाणू शकतो, अशीही त्यांची समजूत होती आणि तिलाही आधार मिळालेला नाही. मनुष्य आपल्या काळाच्या पुढे गेला तरी एक पाऊल त्याच काळात असते.

उपहास

फारियांवर दोन्ही बाजूंनी हल्ला झाला. मेस्मरपंथीयांना त्यांनी द्रव्यच नाकारल्याचा राग होता. काही धर्मनिष्ठांनी ही सैतानी विद्या ठरविली. आपण दाखवितो ते निसर्गाच्याच नियमांत बसणारे आहे आणि ईश्वराने निर्मिलेल्या मनुष्यस्वभावाचाच तो एक भाग आहे, असे फारियांचे उत्तर होते. शातोब्रियाँ या प्रसिद्ध लेखकाने आपल्या आठवणींत एका भोजनप्रसंगाची थट्टा केली आहे : फारियांनी म्हणे एका लहानशा पक्ष्याला आपल्या शक्तीने मारण्याची बढाई मारली, आणि शेवटी त्या पक्ष्यापुढे त्यांनाच हार खावी लागली. १८१६ मध्ये तर त्यांची टर उडविणारे एक प्रहसनच रंगभूमीवर आले. एका नटाने निद्रेचे सोंग करून त्यांना फसविल्याची वार्ताही पॅरिसभर झाली. एकाने सोंग केले म्हणून सर्वांचेच सोंग, असा लोकांनी निवाडा केला. व्याख्याने ओस पडली.

अखेरच्या दिवसांत एका कन्याशाळेच्या मठात उपासनाविधी चालवून ते उदरनिर्वाह करीत होते. आपले विचार मांडणाऱ्या ग्रंथाचा पहिला खंड त्यांनी १८१९ मध्ये सिद्ध केला, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी मेंदूतील आघाताने त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीचा ठावठिकाणा आज उरलेला नाही. पुढे अलेक्झांद्र द्यूमाने आपल्या ‘मोंते क्रिस्तो’ या कादंबरीत त्यांच्या नावाचा एक कैदी धर्मगुरू रंगविला. त्यामुळे नाव जगभर गेले, पण खरा मनुष्य त्या कल्पित पात्राआड झाकला गेला.

हुगळी ते नान्सी

फारियांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हिंदुस्थानातच या विषयाची एक विलक्षण परीक्षा झाली. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल हा स्कॉटिश शल्यवैद्य होता. ईथर व क्लोरोफॉर्म अद्याप वापरात आलेले नव्हते. शस्त्रक्रिया म्हणजे असह्य यातना. ४ एप्रिल १८४५ रोजी अंडवृद्धीच्या विकाराने तळमळणाऱ्या एका कैद्यावर त्याने मेस्मरच्या पद्धतीचा प्रयोग केला, आणि पुढील काही महिन्यांत हत्तीरोगाच्या अजस्र गाठी काढण्यापर्यंतच्या अनेक शस्त्रक्रिया त्याने या निद्रेत केल्या. रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरविण्याचे काम त्याचे देशी साहाय्यक करीत. १८४६ मध्ये सरकारने समिती नेमली व कलकत्त्यात या पद्धतीसाठी प्रायोगिक रुग्णालय उघडले. समितीपुढे काही रोगी शांत पडून राहिले, काहींनी हालचाल केली वा चेहरा वेडावाकडा केला, परंतु जागे झाल्यावर वेदना आठवत नाहीत असे सांगितले. त्यामुळे मतभेद राहिलेच. लवकरच क्लोरोफॉर्म आले आणि एस्डेलची पद्धत मागे पडली. त्याचा स्वतःचा विश्वास मात्र अखेरपर्यंत त्या अदृश्य द्रव्यावरच होता. त्याला जे आढळले ते खरे होते, त्याचे कारण त्याने दिले ते खोटे होते.

इकडे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ मध्ये ग्रंथ लिहून ‘हिप्नॉटिझम’ची परिभाषा रूढ केली. फ्रान्समध्ये फारियांच्या व्याख्यानांस उपस्थित राहिलेल्या न्वाझे या सेनाधिकाऱ्याने त्यांचे विचार जतन केले. नान्सी येथील लिएबो व बर्नहाइम या वैद्यांनी तेच सूत्र पुढे नेले. संमोहन ही केवळ उन्मादग्रस्तांत दिसणारी विकृती आहे, हे पॅरिसच्या शार्को या नामांकित वैद्याचे मत त्यांनी खोडून काढले. निरोगी माणसांतही ते घडते व त्याचे कारण सूचना हेच होय, असे त्यांनी दाखविले. फारियांच्या मृत्यूनंतर साठ-सत्तर वर्षांनी त्यांचा पक्ष असा विजयी झाला. १९०६ मध्ये गोव्याचे डॉ. दालगादु यांनी त्यांचे चरित्र लिहिले, आणि १९२५ मध्ये पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एगश मोनिश या पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञाने त्यांच्या कार्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आजचे ज्ञान काय सांगते

विसाव्या शतकात हा विषय प्रयोगशाळेत आला. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड येथे वाइत्झनहोफर व हिलगार्ड यांनी संमोहनग्रहणाची क्षमता मोजण्याची श्रेणी तयार केली. तीवरून असे दिसले की सुमारे दहा-पंधरा टक्के माणसे अत्यंत संमोहनक्षम असतात, जवळजवळ तितकीच फारशी प्रतिसाद देत नाहीत, आणि बाकीची मधल्या पायऱ्यांवर असतात. त्याच व्यक्तींची पंचवीस वर्षांनी पुन्हा परीक्षा घेतली असता ही क्षमता बव्हंशी तशीच राहिल्याचे आढळले. निव्वळ ढोंग असते तर त्यात एवढी स्थिरता दिसली नसती.

ढोंगाची शंकाही संशोधकांनी टाळली नाही. मार्टिन ऑर्न याने काही लोकांना मुद्दाम सोंग करावयास लावले आणि ती गोष्ट प्रयोगकर्त्यापासून लपविली. सोंग करणारे कोण व खरे कोण हे अनुभवी तज्ज्ञांनाही केवळ पाहून नेमके ओळखता आले नाही. म्हणजे बाह्य वर्तनावरून निवाडा करणे धोक्याचे आहे. याकरिता १९९७ मध्ये माँट्रियल येथे झालेला प्रयोग महत्त्वाचा ठरतो. संमोहित व्यक्तींचा हात वेदना होण्याइतक्या गरम पाण्यात ठेवून, ‘त्रास कमी वाटेल’ किंवा ‘अधिक वाटेल’ अशी सूचना देण्यात आली. पाणी तेच होते. परंतु वेदनेच्या क्लेशदायकतेशी संबंधित मेंदूच्या भागातील क्रिया सूचनेप्रमाणे कमीअधिक झाली. बेल्जियममधील लिएज येथे १९९२ पासून संमोहन व अल्प प्रमाणातील भूल यांच्या साहाय्याने हजारो शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

मग सर्व विद्वानांचे एकमत आहे काय? नाही. संमोहन ही मनाची एक स्वतंत्र अवस्था आहे, की एकाग्रता, अपेक्षा व कल्पना यांच्याच नेहमीच्या व्यापारांचा तो एक विशेष योग आहे, याविषयी वाद चालू आहे. परंतु हा वाद कारणाविषयी आहे. सूचनेने अनुभव पालटतो, हे दोन्ही पक्ष मान्य करतात. तेव्हा त्या धर्मशिक्षकाला उत्तर असे देता येईल : मुलाने खोटे सांगितले असे मानण्याचे कारण नाही, आणि त्याला बाधा झाली असे मानण्याचेही कारण नाही. खेळ करणाऱ्याकडे कोणतीही शक्ती नव्हती. हात जड झाला तो मुलाच्याच मनाने.

ख्रिस्तसभेची सावधगिरी

या विषयात रोमच्या धर्माधिकाऱ्यांनी घेतलेली भूमिकाही पाहण्यासारखी आहे. १८४७ मध्ये त्यांनी असा भेद केला की, एरवी निषिद्ध नसलेली भौतिक साधने सद्हेतूने वापरणे हे स्वभावतः पाप नाही. परंतु नैसर्गिक साधनांनी अलौकिक परिणाम घडविण्याचा दावा करणे ही फसवणूक होय. १८५६ मध्ये बिशपांना पत्र पाठवून, निद्रित स्त्रियांच्या तोंडून भविष्य व गुप्त गोष्टी वदविण्याच्या प्रकारांचा त्यांनी निषेध केला. पुढे २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढील भाषणात पोप बारावे पायस यांनी, वैद्याने योग्य दक्षता घेऊन उपचारासाठी केलेला संमोहनाचा उपयोग मान्य केला, पण तो हौशी माणसांनी करमणुकीसाठी हाताळण्याचा विषय नव्हे असे बजावले. या सावधगिरीत व फारियांच्या विचारात विरोध नाही. घटना नैसर्गिक आहे हे मान्य केले, तरच तिच्या उपयोगाची नीती ठरविता येते.

आपल्या सेवेच्या संदर्भात

आता हा इतिहास आपल्या दारात आणावयाचा आहे. ऑर्न व एव्हन्स यांनी १९६५ मध्ये एक प्रयोग केला. विषारी सापाला हात घालणे, तीव्र आम्लात हात बुडविणे अशी भयंकर कृत्ये करण्याची आज्ञा संमोहित व्यक्तींना दिली असता त्यांनी ती करण्याचा प्रयत्न केला. परंतु सोंग करणाऱ्यांनीही तेच केले, आणि संमोहनाचे नावही न घेतलेल्या जागृत व्यक्तींपैकीही पुष्कळांनी केले. प्रयोग घेणारा मनुष्य जबाबदार आहे, तो आपणांस इजा होऊ देणार नाही, या विश्वासाने ते वागले. वास्तविक त्यांच्या रक्षणाची व्यवस्था केलेलीही होती. यातून निष्पन्न होते ते असे की, भय बाळगावयाचे ते गूढ शक्तीचे नव्हे, तर अधिकारी माणसावर ठेवलेल्या निःशंक विश्वासाचे. असा विश्वास आपल्या समाजात खेळवाल्यावर फार काळ ठेवला जात नाही. तो धर्मगुरूवर ठेवला जातो.

खेड्यापाड्यांतून एखादी मुलगी अंगात आल्यासारखी घुमू लागते. घरचे लोक धर्मशिक्षकाला बोलावतात. अशा वेळी कोणी तिला दरडावून विचारतो, “बोल, तुला कोणी पाठविले?” मुलगी एक नाव घेते. ते नाव बहुधा गल्लीतल्या एखाद्या निराधार विधवेचे असते, आणि तेथून त्या विधवेच्या छळाला आरंभ होतो. संमोहनाच्या संशोधनाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे : या अवस्थेत स्मरण अधिक अचूक होत नाही, केवळ सांगणाऱ्याची खात्री वाढते, आणि प्रश्नात जे पेरलेले असते तेच उत्तरात उगवते. ‘कोणी पाठविले?’ या प्रश्नातच कोणीतरी पाठविल्याची सूचना आहे. ते नाव मुलीने दिले असे आपण म्हणतो. वास्तविक ते आपण तिच्याकडून घेतलेले असते. हा एक प्रश्न विचारावयाचा नाही, एवढे जरी आपण ठरविले तरी एखाद्या निरपराध स्त्रीचा जीव वाचेल. मुलीसाठी प्रार्थना अवश्य करावी, तिच्याशी ममतेने बोलावे, तिला घरात काय सोसावे लागते ते शांतपणे ऐकावे, आणि वैद्याकडे नेण्यास घरच्यांचे मन वळवावे. यांपैकी एकाने दुसऱ्याला बाध येत नाही.

याच्या उलट चूकही आपल्या हातून होते. ‘हा मनाचा खेळ आहे’ असे म्हणून आपण एखाद्याचे दुःख झटकून टाकतो. भोपाळमध्ये राहणाऱ्या आम्हांस हे विशेष जाणवते. १९८४ च्या डिसेंबरात २ व ३ तारखांमधील रात्री जे विष या शहरावर पसरले, त्याने फुप्फुसे व डोळे जाळले. ती इजा देहाची होती, आणि तिला मानसिक म्हणणे हे सरळ असत्य होय. परंतु त्याच बरोबर शेकडो घरांत झोप उडाली होती, भीती घर करून राहिली होती, आप्तांच्या मरणाने माणसे खचली होती. त्या काळी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारतज्ज्ञ नव्हते. बंगळूर व लखनौ येथील तज्ज्ञांनी येऊन पाहणी केली, आणि १९८५ मध्ये येथील डॉक्टरांना मानसिक दुःख ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. देहाचे दुःख मनाचे म्हणणे हा एक अन्याय, आणि मनाचे दुःख खोटे म्हणणे हा दुसरा. पासी येथील बागेत पडलेल्या मुलाविषयी विद्वानांनी हा दुसरा अन्याय केला होता. फारियांनी तो केला नाही.

पणजी येथे जुन्या सचिवालयाच्या शेजारी फारियांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत या शिल्पकाराने तो घडविला व १९४५ मध्ये तो उभारण्यात आला. झगा घातलेला धर्मगुरू दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडत आहे, असे ते शिल्प आहे. पाहणाऱ्याला वाटते, त्या हातांतून काही तरी निघून तिच्यावर पडत आहे. पुतळा सुंदर आहे, पण त्या हातांतून काहीही निघत नाही, हे सांगण्यासाठीच तर त्या माणसाने आपली प्रतिष्ठा व उदरनिर्वाह पणाला लावला होता. आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून आपण प्रार्थना करतो तेव्हा हे स्मरण असू द्यावे. त्याला आलेला धीर खरा असतो, त्याची हलकी झालेली वेदनाही खरी असते. पण ती आपल्या हाताची करामत नव्हे. त्याच्या ठायी ईश्वराने जे ठेवले आहे ते जागे होण्यास आपण केवळ निमित्त झालो, असे समजून नम्रपणे हात मागे घ्यावा.